गुप्तधन नसलेला डबा

आमच्या नगरच्या भागात डोंगरावर कोणी हातात यंत्र घेऊन फिरताना दिसला, तर पाहणारा पहिला प्रश्न एकच करतो, "गुप्तधन शोधताय का?" हा प्रश्न मला निदान दहा वेळा तरी ऐकावा लागलाय. बहुतेक वेळा हसून उत्तर देता आलं, एकदा मात्र देता आलं नाही. त्या एका वेळेमुळेच हा लेख लिहायला घेतला. पण आधी तो खेळ काय आहे आणि कुठून आला, हे सांगणं भाग आहे.

अमेरिकेच्या जीपीएस या उपग्रह यंत्रणेचा जन्म लष्करासाठी झाला. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं की ही यंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठीही खुली राहील. खुली झाली, पण हातचं राखून. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे. तिचं सरकारी नाव होतं 'सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी'. सरळ भाषेत सांगायचं तर यंत्र तुम्हाला गल्ली दाखवणार, घर दाखवणार नाही. साधारण शंभर मीटरपर्यंतचा घोळ त्यात असायचा.

गंमत अशी की आखाती युद्धात अमेरिकेच्याच सैन्याला लष्करी संच पुरले नाहीत. मग बाजारातली मॅगेलन आणि ट्रिंबल कंपन्यांची नागरी यंत्रं वाळवंटात धाडली गेली, आणि आपल्याच सैनिकांची वाट चुकू नये म्हणून ती मिसळलेली चूक काही काळ बंद ठेवावी लागली. दुसऱ्यासाठी खणलेला खड्डा म्हणतात तो असा.

अखेर अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने मे २००० च्या पहिल्या दोन दिवसांत, मध्यरात्रीच्या सुमारास, ही चूक कायमची बंद झाली. जगभरातली लाखो यंत्रं एका रात्रीत जवळपास दहापट अचूक झाली. कोणी यंत्र बदललं नाही, कोणी पैसे भरले नाहीत. विज्ञानाच्या इतिहासात अशा रात्री फार थोड्या असतील.

दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, ओरेगॉन राज्यात पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीक परिसरात डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने काळी प्लास्टिकची बादली अर्धवट जमिनीत पुरली. आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, व्हिडिओ, थोडे पैसे, एक गलोल आणि बीन्सचा एक डबा. बादलीची जागा त्याने इंटरनेटवरच्या उपग्रह-मार्गदर्शनाच्या चर्चागटात जाहीर केली: उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटं, पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटं. खाली नियम: सापडल्यास काही घ्या, काही ठेवा आणि वहीत नोंद करा. चूक खरंच गेली का, हे पाहायचं होतं त्याला. काही दिवसांतच माइक टीग हा माणूस तिथे पोचला. मग त्यानेही डबे लपवले आणि अशा जागांची यादी ठेवायला सुरुवात केली.

तेव्हा या खेळाला 'स्टॅश हंट' म्हणत. इंग्रजीत 'स्टॅश' शब्दाला चोरीच्या, नशेच्या मालाचा वास येतो, म्हणून महिनाअखेरीस मॅट स्टम याने 'जिओकॅशिंग' हे नाव सुचवलं. फ्रेंचमध्ये 'काशे' म्हणजे लपवणं. सप्टेंबर २००० मध्ये सिएटलच्या जेरेमी आयरिशने या खेळाचं संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा जगात ७५ डबे होते. आज तीस लाखांहून अधिक आहेत. भारतातही आहेत, पण युरोप-अमेरिकेच्या मानाने फारच तुरळक.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे शब्दांची खोड आहेच. या डब्याला उर्दूत काय म्हणावं? पहिला शब्द सुचतो 'दफीना', म्हणजे पुरलेलं धन, 'दफन'चाच भाऊ. पण खेळाचा आजचा नियम असा की डबा पुरायचा नाही, खोदकाम करायचंच नाही. अल्मरची पहिली बादली आजच्या नियमात बसली नसती! मराठीतला 'गुप्तधन' तर त्याहून अवघड. त्यात मध्यरात्र आली, लिंबू आलं, मांत्रिक आला. शिवाय कायदाही आला. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर कलेक्टरला कळवावं लागतं. मी मुलांना फक्त 'डबा' म्हणायला शिकवलं. डबा लपवणे, डबा शोधणे. आपल्याकडे डबा ऐस-पैस होताच.

शोधाचा हा खेळ अगदीच नवा आहे असंही नाही. इंग्लंडात डार्टमूरच्या पठारावर क्रॅनमियर पूल या दलदलीच्या जागी १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्याने एक बाटली ठेवली होती. तिथवर पायपीट करणाऱ्याने आपलं कार्ड त्यात टाकायचं. पुढे त्यातून 'लेटरबॉक्सिंग' नावाचा छंद उभा राहिला. फरक एवढाच की तिथे खाणाखुणांवरून वाट काढायची, इथे आकड्यांवरून.

आणि हे आकडे? भूगोलाच्या तासाला मुलं अक्षांश-रेखांश म्हणतात, उर्दूत आम्ही अर्ज-बलद आणि तूल-बलद म्हणतो. अरबीतून आलेले शब्द. शब्दशः अर्थ 'शहराची रुंदी' आणि 'शहराची लांबी'. शहराला रुंदी कशी, असं पोरं दरवर्षी विचारतात. तेव्हा मी त्यांना अल-बिरुनीकडे नेतो. हजार वर्षांपूर्वी गझनीत बसून त्याने 'तहदीद' हा ग्रंथ लिहिला, तो सगळा शहरांच्या जागा आकड्यांत पकडण्याबद्दल आहे. त्यातला एक मोठा हेतू होता गझनीहून किबल्याची नेमकी दिशा काढणं. नंदनाच्या किल्ल्याजवळ, जो आज पाकिस्तानी पंजाबात आहे, त्याने एका डोंगराची उंची मोजली, माथ्यावरून क्षितिज किती खाली झुकलेलं दिसतं तो कोन मोजला, आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. एक डोंगर, एक कोन आणि त्रिकोणमिती. आज माझ्या मोबाइलमधलं किबला दाखवणारं ॲप सेकंदात जे करतं, त्यामागे माणसाने केवढी डोकेफोड केली आहे, हे पोरांना कळावं एवढीच इच्छा.

आता यंत्राकडे येतो. मला पत्रं येतात ती यासाठीच की "सर, कोणतं घ्यावं?"

सुरुवात मोबाइलवरच करा. हे ऐकून काहीजण नाराज होतील, पण पहिले पाच-दहा डबे मोबाइलवर शोधल्याशिवाय स्वतंत्र यंत्राला पैसे घालू नयेत. डोंगरात गेलात, पाऊस आला, हात ओले झाले, बॅटरी बसली आणि घरी फोन करायलाही मोबाइल उरला नाही, असं एकदा झालं की स्वतंत्र यंत्र कशासाठी असतं ते आपोआप समजतं. माझं तसंच झालं.

१९८९ साली मॅगेलनने पहिलं हातात धरायचं नागरी यंत्र विकायला आणलं, तेव्हा त्याची किंमत होती सुमारे ३,००० डॉलर. २००० साली गार्मिनचं पिवळं ईट्रेक्स आलं. मुठीत मावणारं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं, नकाशा नाही, फक्त बाण आणि अंतर. खेळ आणि हे यंत्र एकाच वर्षी जन्मले, आणि पहिल्या पिढीतल्या कितीतरी खेळाडूंच्या हातात हेच होतं. पण ती जुनी यंत्रं झाडाखाली गेली की आंधळी होत. २००६ च्या सुमारास गार्मिनच्या ६०सीएसएक्समध्ये जास्त संवेदनशील चिप आली आणि दाट जंगलातही जागा सापडू लागली. जुन्या बाजारात यंत्र घेणार असाल तर ही सीमारेषा ध्यानात ठेवा. त्याआधीचं यंत्र कितीही स्वस्त मिळालं, तरी ते कपाटात ठेवायला घ्या, सह्याद्रीत न्यायला नको.

मी बारा वर्षांपूर्वी एका ट्रेकर मित्राकडून वापरलेलं ईट्रेक्स १० घेतलं. घरी आणलं तेव्हा अम्मी म्हणाली, "कायकू पैसे फेका रे? रस्ता पूछनेको जबान नई क्या?" तिचंही चुकलं नव्हतं. पण या साध्या यंत्रात कामाचं ते सगळं आहे. कुठल्याही किराणा दुकानात मिळणाऱ्या दोन सेलवर ते दिवसभर चालतं, आणि आत बसवलेली बॅटरी कितीही चांगली असली तरी डोंगरात ती बदलता येत नाही. पडदा असा आहे की ऊन जितकं कडक तितकं स्पष्ट दिसतं. मोबाइलचं नेमकं उलट. बटणं आहेत, त्यामुळे ओल्या हाताने चालतं. पाण्याबाबत आयपीएक्स ७ असं लिहिलेलं पाहावं, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल.

त्याची एक खोड मात्र आधी सांगायला हवी, कारण ती मला दोन महिने कळली नव्हती. स्वस्त यंत्रात होकायंत्र नसतं. तुम्ही चालत असता तेव्हा तुमच्या चालीवरून ते दिशा ओळखतं. थांबलात की बाण वेड्यासारखा फिरतो. मी थांबून बाण बघायचो, मग बाण सांगेल तिकडे वळायचो, मग तो पुन्हा फिरायचा. डब्यापासून वीस पावलांवर मी गिरक्या घेतोय आणि विद्यार्थी हसतायत, असं चित्र होतं. पैसे थोडे जास्त असतील तर होकायंत्र असलेलं घ्या. हवेच्या दाबावरून उंची सांगणारी सोय घाटवाटांना बरी, खेळाला तिची गरज नाही. जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ हे उपग्रहही यंत्र पकडत असेल तर दरीत फरक पडतो. आपली भारताची 'नाविक' यंत्रणा २०१३ पासून उभी राहिली, पण हातातल्या प्रत्येक यंत्रात ती नसते. खोक्यावरचा तपशील वाचूनच घ्या.

एक इशारा. काही महागड्या यंत्रांत उपग्रहावरून संदेश पाठवायची सोय असते. परदेशातले नातेवाईक हौसेने भेट देतात. परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणं भारतात गुन्हा आहे, आणि विमानतळावर ते उघडं पडतं. नुसतं संकेत ऐकणारं यंत्र आणि संकेत पाठवणारं यंत्र, हा भेद खरेदीआधी समजून घ्या.

आकड्यांची लिहिण्याची पद्धतही पहिल्याच दिवशी यंत्रात ठरवून टाका. हा खेळ अंश आणि दशांश मिनिटांत चालतो, अल्मरच्या बादलीपासून. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५२ मीटर, एक सागरी मैल. म्हणजे तिसऱ्या दशांशातला एक आकडा चुकला तर फक्त १.८५ मीटरची चूक. रेखांशाचं मिनिट मात्र उत्तरेकडे सरकावं तसं आखूड होतं. नगरच्या आसपास, १९ अंशांवर, तिसऱ्या दशांशातला एक आकडा सुमारे पावणेदोन मीटर. त्रिकोणमिती कशाला शिकायची, असं विचारणाऱ्या दहावीच्या पोराला मी हा कोसाइन डोंगरावर दाखवतो.

दुसरी सेटिंग 'डेटम'. पृथ्वी नेमकी कोणत्या आकाराची धरून मोजायची, तो पाया. जीपीएसचा पाया डब्ल्यूजीएस ८४. आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांचा पाया मात्र एव्हरेस्टचा, १८३० चा. जुन्या नकाशावरून आकडे काढून यंत्रात घातले तर आपल्या भागात शंभर मीटरहून जास्त घोटाळा होतो. ज्या मोजणीतून हा पाया आला ती विल्यम लॅम्ब्टनने दक्षिणेत सुरू केली आणि ती पुढे नेता नेता १८२३ साली वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला त्याने देह ठेवला. त्याच्यामागून एव्हरेस्ट आला. पण यात आणखी एक नाव आहे जे आमच्या पोरांच्या पुस्तकात येत नाही: सय्यद मीर मोहसिन हुसैन, अर्काटचा कारागीर. जडजवाहिराच्या कामातून सर्वेक्षणाच्या उपकरणांकडे आलेला माणूस. एव्हरेस्टचे भलेमोठे थिओडोलाइट तो दुरुस्त करायचा. इंग्रज कारागीर बॅरो गेल्यावर उपकरणकाराचं पद पुढे त्याच्याकडे आलं, आणि एव्हरेस्टने त्याच्या बुद्धीची लेखी तारीफ केली आहे. एव्हरेस्टच्या नावाने शिखर आहे. मोहसिनच्या नावाने मी शाळेच्या डब्याला नाव दिलं, 'मोहसिन डबा'.

त्या डब्याचीच गोष्ट राहिली.

चांदबीबी महालाच्या डोंगरावर आम्ही सहल नेतो (खरं तर तो सलाबतखानाचा मकबरा, पण लोकांनी एकदा नाव दिलं की दिलं). तिथे फक्त जागा नोंदवायचा सराव. संरक्षित वास्तूत डबा ठेवायचा नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून एका रविवारी मी दुसऱ्या एका गावाजवळच्या माळावर एकटाच गेलो, पुढच्या आठवड्यासाठी डबा लपवायला. स्टीलचा जेवणाचा डबा, त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, पाणी जाऊ नये म्हणून. दगडांच्या खोबणीत ठेवला, आकडे नोंदवले, उठलो तर मागे दोघे उभे.

"गुप्तधन का?" हसत विचारलं. मी हसून शाळा, मुलं, खेळ असं सांगितलं. मग नाव विचारलं. नाव सांगितलं आणि हसू थांबलं. पुढच्या दहा मिनिटांत पंधरा माणसं जमली. कोणी हात लावला नाही, शिवी दिली नाही, हे सांगायलाच हवं. पण कोणी डब्याजवळही जाईना आणि मला निघूही देईना.

मला राग आला तो त्यांचा नाही, माझाच. इतिहास मी शिकवत होतो ना! २०११ साली इंग्लंडातल्या वेदरबी गावात कॅफेबाहेर असाच एक खेळातला डबा ठेवताना माणूस दिसला आणि लष्कराच्या बॉम्बनाशक पथकाने तो स्फोट करून उडवला. ती अमेरिका-युरोपातली गोष्ट. आणि आपल्याकडे २६/११ चे हल्लेखोर समुद्रातून आले ते हातातल्या जीपीएस यंत्रांच्या मदतीने, हे खटल्यात सिद्ध झालेलं आहे. पिवळ्या यंत्राचा आणि काळ्या चिकटपट्टीचा अर्थ त्या माळावर काय होईल, हे मला घरातच सुचायला हवं होतं. हेही तितकंच खरं की त्याच डब्याबरोबर कोणी कुलकर्णी सर असते, तर गुप्तधनाचा विनोद विनोदच राहिला असता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि मी त्यातली एक निवडायला तयार नाही.

पोलीस आले. दोन तास चौकीत बसलो. मुख्याध्यापकांचा फोन झाला. शेवटी एका जमादाराने मला विचारलं, "तुम्हीच उघडता का?" उघडला. आत पेन्सिली, खोडरबर, गोट्या, दोन रुपयांची काही नाणी आणि शंभर पानी वही. पहिल्या पानावर मुलींच्या अक्षरात मराठीत आणि उर्दूत एकच वाक्य: डबा सापडला असेल तर नाव लिहा. त्याने वही उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "हे आधी कळवलं असतं तर आमची पोरं पण आणली असती."

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. आधी सरपंचाला किंवा जमीन मालकाला भेटतो, चौकीत एक अर्ज देतो, शिक्क्याची प्रत घेतो. डबा पारदर्शक प्लास्टिकचा, आतलं बाहेरून दिसणारा. वर मोठ्या मराठी अक्षरात 'शालेय भूगोल खेळ' आणि शाळेचा फोन. मंदिर, दर्गा, कब्रस्तान, स्टेशन, धरण, पूल यांच्या आसपास नाही. यातले बरेचसे नियम या खेळाच्या जागतिक नियमांतही आहेत. बाकीच्यांना ते सोय म्हणून पाळता येतात, मला गरज म्हणून पाळावे लागतात.

गेल्या डिसेंबरात सातवीच्या वर्गाने त्याच गावात डबा शोधला. माळावर आम्ही अठ्ठावीस जण होतो आणि बघायला गावातली तेवढीच पोरं. यंत्र एकच, म्हणून ते आळीपाळीने फिरलं. शेवटचे दहा मीटर यंत्र काही सांगत नाही, तिथे डोळेच लागतात, आणि तिथे गावातल्या पोरांनी आमच्यावर मात केली. कोणता दगड हललाय ते त्यांना लांबूनच दिसलं. वहीत पहिली सही गावातल्या चौथीच्या एका मुलाची आहे. त्याने आमच्या खोडरबरच्या बदल्यात डब्यात चिंचोके ठेवले. पावसाळ्याआधी ते काढून घ्यायला हवेत, नाहीतर डब्यातच कोंब फुटायचे.